पखवाजाला अर्पण

मुरगूडच्या स्टँडवर उतरलो तोच गुऱ्हाळाचा वास आला. काहिलीत उसाचा रस आटताना हिवाळ्याच्या कोवळ्या उन्हात जो गोड, किंचित करपलेला गंध पसरतो, त्याने एरवी मी हरखून जातो. त्या सकाळी मात्र पिशवीतल्या एका कागदाने माझी भूकच मारली होती.

माझ्या पहिल्या कवितासंग्रहाची ती अर्पणपत्रिका. एका पुरुषाने दुसऱ्या पुरुषावर केलेल्या प्रेमाच्या त्या कविता मी शिवाजी पेठेतल्या खोलीत बसून उघडपणे लिहिल्या होत्या; घरचा अबोला सोसला होता आणि धीट कवी म्हणून थोडा मिरवलोही होतो. पण अर्पणपत्रिकेत लिहून बसलो होतो, 'गुरुजींना, ज्यांच्या गौळणींतून मला माझं प्रेम कळलं', आणि पुढे त्यांचं पूर्ण नाव. ऐंशीच्या घरातल्या, गावात मान असलेल्या, अविवाहित माणसाचं झाकलेलं आयुष्य मी पहिल्याच पानावर उघडं करणार होतो. उद्या छपाई सुरू होणार, आणि मला शहाणपण सुचलं ते आज.

गुरुजी शाळेत मराठी शिकवायचे आणि भजनी मंडळासाठी गौळणी रचायचे. पुरुषांनी राधा होऊन कृष्णासाठी झुरावं, यात आपल्याकडे कुणालाच वावगं वाटत नाही. पंधराव्या वर्षी, इथे आजोळी आलो असताना, देवळात त्यांची एक गौळण ऐकली आणि लक्षात आलं, की या राधेला बासरी ऐकूच येत नाही. ती वेडी होते पखवाजाने. गाताना गुरुजींची नजर शेजारी पखवाज वाजवणाऱ्या चाचांच्या बोटांवर खिळलेली होती. या जगात मी एकटा नाही, हे मला त्या देवळात कळलं. गर्दीत तोंड लपवून रडलो होतो.

घराच्या ओट्यावर बसलेल्या गुरुजींनी कागद उन्हाकडे धरून वाचला. मग पुन्हा वरून वाचायला घेतला. मला राहवेना. "नाव काढून टाकतो, गुरुजी. लोकांना कळेल."

"लोकांस्नी ठावं हाय की रं," ते म्हणाले. "चाळीस वर्सं गातोय. गाव काय बहिरं हाय व्हय?"

मग त्यांनी खिशातलं लाल पेन काढलं, वह्या तपासायचं जुनं. आता खोडणार, असं वाटून मी डोळेच मिटले.

"पर माझं एकट्याचंच घातलंस, हे काय बरं न्हाय केलंस." माझ्या ओळीखाली त्यांनी लिहिलं, 'आणि पखवाजाला.' चाचांना जाऊन दोन वर्षं झाली होती. "त्येचं नाव नको, त्येची लेकरं हाईत. एवढं पुरं."

परतताना गुऱ्हाळात थांबलो, पेलाभर रस प्यालो, मग आणखी एक. इतकं हलकं मला घरी सगळं सांगून टाकलं तेव्हाही वाटलं नव्हतं. मी ज्यांचं गुपित जपायला धावत आलो, ते माझ्या जन्माआधीपासून भर देवळात, टाळांच्या गजरात, मोकळ्या गळ्याने तेच गात होते. आणि धीट म्हणे मी! एसटीत खिडकीशी बसून तो कागद पुन्हापुन्हा काढून पाहिला. माझ्या पुस्तकातली सर्वांत सुंदर ओळ माझी नव्हती, आणि कागलपर्यंत मी एकटाच हसत होतो.