सासऱ्यांची साठी आणि माझं पायडल

हवाईयन गिटार वाजवणाऱ्या माणसाला दोन हात पुरत नाहीत, म्हणून एक दिवस तो पायाचा विचार करू लागतो. माझी वाट लागली ती त्या दिवसापासून.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. मी मरोळच्या एका कारखान्यात फिटर होतो आणि मुलुंडला दोन खोल्यांत राहत होतो. घरात मी, बायको सुधा आणि आई. मांडीवर आडवी घेऊन, तारांवरून लोखंडी दांडी घसरवत वाजवतात ती गिटार मला येत होती. त्या काळी प्रत्येक बिल्डिंगमध्ये असा एक तरी माणूस असायचाच. आमच्या बिल्डिंगमध्ये तो मी होतो. (एक तरी कशाला, असं शेजाऱ्यांचं मत होतं.)

एकदा कारखान्याने मला अंधेरीच्या एका स्टुडिओत पंखा दुरुस्त करायला पाठवलं. मी शिडीवर चढलो आणि खाली बघतो तर काय! एक गृहस्थ माझ्यासारखीच गिटार मांडीवर घेऊन बसलेले, आणि त्यांच्या पायाखाली चपलेएवढी एक पेटी. पाय दाबला की सूर कुठून तरी लांबून यायचा, फुगत फुगत अंगावर यायचा आणि पाय उचलला की विरघळून जायचा. मी पाना हातात धरून तसाच उभा.

"ओ मिस्त्री, पंखा!" खालून कोणीतरी ओरडलं.

"काय आहे ते पायाखाली?" मी विचारलं.

"पायडल. फॉरेनचं. तू पंखा बघ!"

पंखा मी उलटा फिरेल असा जोडून आलो, हे मला दुसऱ्या दिवशी साहेबांकडून कळलं.

मग माझा शोध सुरू झाला. स्वस्तातलं पायडल! पहिल्यांदा शहरातल्या एका वाद्यांच्या मोठ्या दुकानात गेलो. दुकानदाराने किंमत सांगण्याआधी मला बसायला खुर्ची दिली, पाणी मागवलं. मी पाणी पिऊन परत आलो. नंतर कळलं की घाटकोपरला एक माणूस बोटीवरून आलेला फॉरेनचा माल विकतो. त्याच्याकडे सेंट, घड्याळं, छत्र्या आणि एका कोपऱ्यात, अहोभाग्य, एक पायडल! काळंभोर, चकचकीत, मागे जाड वायर.

"गिटारचंच आहे ना?" मी विचारलं.

"सेठ, एकदम गिटारचं. जर्मनीत सगळे हेच दाबतात."

घरी आणून गिटारला लावलं. दाबलं. काही नाही. जोरात दाबलं. तरी काही नाही. आई स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि तिने वाकून पाहिलं. मूळची मालवणची बाई, बोलायला घाबरणारी नव्हे.

"रे मेल्या, ह्यां काय हाडलंस?"

"गिटारचं पायडल."

"कसला गिटारचां! शिवणाच्या मशीनीचां आसा ह्यां! त्या शिंप्याकडे असलांच आसा."

ते विजेच्या शिलाई मशीनचं पायडल निघालं. आणि आमच्याकडे शिलाई मशीनसुद्धा नव्हतं! आईने ते लोणच्याच्या बरणीवर वजन म्हणून ठेवून दिलं. (लोणचं उत्तम मुरलं. जर्मन माल!)

शेवटी मी पास्कलला गाठलं. पास्कल आमच्या कारखान्यातला इलेक्ट्रिशियन, राहणारा मरोळ गावठाणातला, आणि लग्नाच्या बँडमध्ये ट्रम्पेट वाजवायचा. त्याने सगळं ऐकून घेतलं.

"अरे यार, फॉरेनवाल्याला काय वेगळा पाय असतो काय? मी बनवून देतो ना!"

आणि खरंच, आठ दिवसांत त्याने बनवून दिलं! लाकडाच्या दोन फळ्या, मध्ये बिजागरी, आत एका मोडक्या रेडिओचे भोंग्यासकट पार्ट, आणि दाबलेली फळी परत वर यावी म्हणून उंदराच्या सापळ्याची स्प्रिंग. दिसायला ते सापळ्यासारखंच होतं आणि पहिल्या दिवशी त्याने माझा अंगठा पकडलासुद्धा. पण आवाज! पाय दाबला की सूर असा लाटेसारखा यायचा की मलाच गहिवरून आलं. सुधा दारात उभी राहून ऐकत होती.

"अहो," ती हळूच म्हणाली, "बाबांच्या साठीला वाजवाल?"

आता सासऱ्यांबद्दल सांगायला हवं. ते वजनमापे खात्यात निरीक्षक होते, घाटकोपरला राहायचे. जन्मभर दुकानदारांची खोटी वजनं पकडलेला माणूस! माझ्याकडेही ते तसंच बघायचे. मुलीने फिटर पसंत केला हे त्यांना कधी पटलंच नव्हतं. लग्नाला चार वर्षं झाली होती आणि त्या चार वर्षांत ते माझ्याशी दोनच वाक्यं बोलायचे. आल्यावर "या," आणि निघताना "बराय." सुधाला वाटत होतं, एकदा तरी बाबांनी चारचौघांत म्हणावं, वा जावईबापू. ती हे बोलली नाही, पण नवी साडी आणायच्या ऐवजी तिने मला नवा झब्बा शिवायला टाकला, तेव्हा मी समजलो.

साठीचा दिवस उजाडला. सकाळी घाटकोपरला पोचलो तर घरात नातेवाईक खचाखच, आणि सगळ्या पुरुषांची तोंडं सुतकी! मी मेव्हण्याला, म्हणजे बंडूला, बाजूला घेतलं.

"काय रे, कोणी गेलं की काय?"

"मॅचचा शेवटचा दिवस आहे ना भावजी! आपले धडाधड पडतायत, आणि आईने घरातले आणि पाहुण्यांचे सगळे ट्रान्झिस्टर गोळा करून कपाटात कोंडलेत. चावी कमरेला!"

सासूबाईंचं बरोबरच होतं. बंडूच्या मुंजीत, ऐन मुहूर्तावर, सासरे मागच्या जिन्यात कानाला ट्रान्झिस्टर लावून बसलेले सापडले होते. म्हणून त्यांनी बजावून ठेवलं होतं, "आज घरात क्रिकेटचा क काढायचा नाही!" सासरे पाटावर बसून होम करत होते, पण चेहरा असा की आहुती स्वतःचीच पडते आहे. भटजीही दर दोन मंत्रांनंतर खिडकीकडे कान देऊन बघत होते, समोरच्या बिल्डिंगमधून काही ऐकू येतं का म्हणून.

बारा वाजता होम आटोपला. सुधाने जाहीर केलं, "जेवणाआधी हे गिटार वाजवणार आहेत." कोणीही हरकत घेतली नाही. त्यांच्या आयुष्यात आज आणखी काय वाईट व्हायचं राहिलं होतं!

मी खिडकीजवळ बसलो. पास्कलने दिलेली वायर वीस हात लांब होती. पायात येऊ नये म्हणून मी ती खिडकीच्या लोखंडी गजांना नीट गुंडाळून ठेवली. (इथेच घोळ झाला, पण हे मला फार उशिरा समजलं.) गिटार मांडीवर घेतली, लोखंडी दांडी सातव्या पट्टीवर टेकवली, डोळे मिटले आणि पाय हळूहळू दाबला.

लांबून लाटेसारखा आवाज यायला लागला. फुगत फुगत मोठा झाला. आणि अगदी स्पष्ट म्हणाला, "...आणि हा चेंडू ऑफ स्टंपच्या बाहेर, फलंदाजाने सोडून दिलेला!"

मी डोळे उघडले. समोर चाळीस माणसं, सगळ्यांची तोंडं उघडी.

मी घाबरून दांडी उचलली. आवाज बंद!

"ठेवा!" एक माणूस ओरडला. मी बघतो तर सासरे! पाटावरून उठून उभे राहिलेले. "जावईबापू, ठेवा ती परत तिथेच!"

चार वर्षांत मला मिळालेलं हे तिसरं वाक्य!

मी दांडी सातव्या पट्टीवर ठेवली. "...आठ बाद झालेले आहेत आणि अजून अर्ध्याहून जास्त दिवस खेळून काढायचा आहे..." सगळा पुरुषवर्ग सरकत सरकत माझ्याभोवती आला. भटजी सोवळ्यातच पहिल्या रांगेत! मग सासूबाई स्वयंपाकघरातून धावत आल्या.

"हे काय? ट्रान्झिस्टर कोणी काढला?"

"कुठे काय, गिटार आहे ती," सासरे म्हणाले.

"गिटार? मग बोलतेय काय ती?"

"आधुनिक आहे अगं. जावयांची कला आहे. तूच म्हणालीस ना, जावयाचा मान ठेवा? मी ठेवतोय!"

सासूबाईंनी कपाट तपासलं. कुलूप जागच्या जागी. ट्रान्झिस्टर सगळे आत. नियम मोडलेला नव्हता! त्या कमरेवर हात ठेवून माझ्यापुढे येऊन उभ्या राहिल्या.

मी म्हणालो, "अहो, मी दुरुस्त करतो, दोन मिनिटांत..."

"हलू नका!" चाळीस माणसं एकदम ओरडली.

तिथून माझे खरे हाल सुरू झाले. दांडी सातव्या पट्टीवर असली तरच मॅच लागायची. सहाव्या पट्टीवर गेली की भातावरच्या किडीची माहिती, आणि आठव्या पट्टीवर कोणीतरी बाई रडत असायची. पायडलही नेमकं अर्धंच दाबलेलं पाहिजे. जास्त दाबलं तर शिट्टी, कमी दाबलं तर शांतता. म्हणजे मी हात तिरका, पाय अर्धवट हवेत आणि नवा झब्बा घातलेला असा, देव्हाऱ्यातल्या मूर्तीसारखा बसून राहिलो.

एकदा नाकाला खाज आली.

"बंडू," मी म्हणालो, "जरा नाक खाजव रे."

"थांबा भावजी, ओव्हर संपू दे."

जेवणाची पानं माझ्याभोवतीच मांडली. सुधाने मला घास भरवले. बायकांनी तोंडाला पदर लावले. "अगोबाई, भरवतेय बघा!" मला श्रीखंड गिळावं लागत होतं ते मान न हलवता. मध्येच नववा गडी बाद झाला तर सगळे माझ्याकडेच रागाने बघायला लागले, जणू मीच बॅट फिरवली!

दोन वाजले. तीन वाजले. शेवटची जोडी टिच्चून खेळत होती आणि माझ्या पोटरीत गोळा येत होता. मी सुधाला कुजबुजून सांगितलं, "आता नाही सहन होत गं."

ती माझ्या कानाशी वाकली. "अहो, बाबा मघाशी काकांना काय म्हणाले माहितेय? म्हणाले, आमच्या जावयासारखा स्थिर माणूस पाहिला नाही. थोडंच! प्लीज!"

आता यावर कोण पाय काढणार? मी दात आवळून बसलो. साडेचार झाले. शेवटची ओव्हर आली. पाच चेंडू गेले. घरात श्वास ऐकू येत होते. आवाज म्हणाला, "...शेवटचा चेंडू, गोलंदाज धावत निघालेला आहे, आणि..."

आणि माझ्या पायात गोळा आला! पाय आपोआप उडाला, सापळ्याची स्प्रिंग फाडकन सुटली, फळी वर आली आणि घरात स्मशानशांतता पसरली.

"मेलो!" मी ओरडलो.

कोणीही माझी चौकशी केली नाही. सासरे, साठ वर्षांचे, होम करून उपाशीपोटी गळून गेलेले (त्यांनी जेवणही घेतलं नव्हतं, पान वाढून तसंच!), ते चपळाईने पुढे झाले, माझा पाय धरून पायडलवर ठेवला आणि वर स्वतःचा पाय दाबला. पुन्हा लाट आली. आतून नुसता टाळ्यांचा कडकडाट! "...आणि सामना वाचलेला आहे!"

घरात जो काही जल्लोष झाला! भटजींनी अक्षता उधळल्या. बंडूने कोणाला तरी उचललं. आणि सासऱ्यांनी, भरल्या डोळ्यांनी, चारचौघांत, मला गिटारसकट मिठी मारली.

"वा जावईबापू! वा! काय वाजवलंत!"

सुधा कोपऱ्यात उभी राहून रडत होती. मीही रडत होतो. (तिचं आनंदाने, माझं पोटरीमुळे.) तेवढ्यात सासूबाई आल्या, माझ्यापुढे नारळ ठेवला आणि म्हणाल्या, "मला गाण्यातलं काही कळत नाही हो. पण तुमच्याएवढं शांत वाजवणारं मी कोणी ऐकलं नाही."

दुसऱ्या दिवशी मी पायडल पास्कलपुढे आपटलं. तो पोट धरधरून हसला. "अरे, वायर उघडी आणि गजांना गुंडाळली! रेडिओची एरियलच केलीस की रे तू!" मग त्याने चांगली वायर घातली, पेटीला आतून पत्रा ठोकला, आणि पायडल असं झकास झालं की एक खरखर नाही. महिनाभर मी जीव ओतून रियाज केला. बंडूच्या साखरपुड्याला सगळी मंडळी परत जमली. मी गिटार मांडीवर घेतली तर बसायला जागा पुरेना! सगळे सरसावून पुढे. सासरे अगदी पायाशी. मी डोळे मिटून, पहिल्यांदाच त्या घरात, माझं सगळ्यात आवडतं गाणं सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाजवलं. एक सूर चुकला नाही.

डोळे उघडले. सासरे वाकून पायडलकडे निरखून बघत होते, खोटं वजन सापडल्यासारखे.

"जावईबापू," ते हळहळून म्हणाले, "बिघडली वाटतं हो. मागच्या वेळी किती छान वाजत होती!"