तळहातातलं काळं भोक

प्राणाचा फोटो निघतो, हे मला पहिल्यांदा आमच्या सिंधी शेजारणीने सांगितलं. अंबरनाथ पूर्वेला आमच्या दोन खोल्या होत्या, त्यांची-आमची मधली भिंत एकच. "दीदी, उल्हासनगर में एक साहब आया है. हाथ का फोटो निकालता है, उसमें जान दिखती है. गुड़िया को ले जाओ."

नव्वदच्या आगेमागेची गोष्ट. माझी मुलगी वर्षाची झाली होती, पण अंगी काही लागत नव्हतं. डॉक्टर म्हणायचे, काही नाही हो, चण बारीक आहे. तिच्या आधीचा माझा मुलगा सव्वा महिन्यात गेला, तेव्हाही 'काही नाही'च म्हणाले होते. त्यामुळे ते दोन शब्द ऐकले की मी पोरीला छातीशी घट्ट धरायचे.

ह्यांना विचारायची सोय नव्हती. केमिकल कंपनीत नोकरी, अंगात शास्त्र भारी. हे पहिल्या पाळीला गेले तशा सासूबाई आणि मी पोरीला घेऊन निघालो.

कापडाच्या दुकानावरची खोली, खिडक्यांना काळे पडदे. साहेब टाय लावलेला, बोलायला साखर. पोर सासूबाईंच्या मांडीवर पेंगत होती. अंधार करून त्याने तिची मूठ सोडवली आणि तळहात काचेवर दाबला. चर्रर्र आवाज झाला, निळा उजेड चमकला, वायर जळल्यासारखा वास सुटला. पोर जी किंचाळली, तिला उचलून मी थेट रस्त्यावर आले. तिथेच पदर ओला करून तिचं तोंड, हातपाय पुसले.

आठवड्याने फोटो हातात आला. बोटांभोवती निळी-जांभळी झालर, बघत राहावं अशी. आणि तळहाताच्या मधोमध चिंचोक्याएवढं काळं भोक. साहेबाने त्यावर पेन्सिल टेकवली. "यहाँ से प्राण निकल रहा है. महीने बाद फिर लाओ, देखेंगे कितना बढ़ा." भाजी कशी दिली सांगावं तसं सांगितलं मेल्याने.

त्या महिन्यात मी जगले कशी, माझं मला ठाऊक. पोर झोपली की तिच्या नाकाशी बोट धरून बसायचं. झोपेत तिची मूठ उघडली की मी माझ्या हाताने मिटायचे, जणू त्याने काही आत राहणार होतं. हसू नका, तुम्हीही मिटली असतीत. मला सारखा तो पहिला आठवायचा. त्याचीही मूठ शेवटी अशीच सैल पडली होती.

सासूबाई माझ्याहून खचल्या. एक वेळ जेवायला लागल्या. सोमवारी अनवाणी शिवमंदिरापर्यंत जायच्या आणि आल्यावर पोरीला अंगारा लावायच्या. बदलापूरकडच्या शेतावर उभा जन्म राबलेली बाई, पण तिला आता भरली कळशी उचलवेना. हे विचारायचे, तुम्हा दोघींना झालंय काय? आम्ही म्हणायचो, काही नाही.

महिना भरला. पुन्हा जायचा दिवस उजाडला. मी भीतीने पाणीसुद्धा प्यायले नव्हते. पोरीचं झबलं शोधून बाहेर आले, तर सासूबाई काजळाची डबी उघडून तिच्यासमोर बसलेल्या. त्यांनी बोट बुडवलं, तिची मूठ उघडली आणि तळहाताच्या बरोब्बर मधोमध तीट लावली. चिंचोक्याएवढी.

मी झबलं खाली ठेवलं. "आई, मागच्या वेळीही इथेच लावली होती?"

"मंग? परक्या माणसात न्यायची, नजर लागंल ना. गालाला लावलेली तुला खपत नाही, फोटो काळा येतो म्हणतेस. म्हणून हातात लावली, कोणाला दिसू नये."

मी कपाटातून तो फोटो काढला आणि तिच्या हाताशेजारी धरला. सासूबाईंनी एकदा इकडे पाहिलं, एकदा तिकडे. मग म्हणाल्या, "म्हणजे त्या मेल्याच्या मशीनची नजर तिथंच अडली गो. आत नाही गेली."

मला हसू फुटलं, आणि हसता हसता मी भिंतीला टेकून ढसाढसा रडले. महिनाभराचं सगळं बाहेर आलं. पोर आमच्याकडे टकामका बघत होती. आम्ही कुठेही गेलो नाही.

पदर ओला करून मी तिचा तळहात पुसायला घेतला. काळं निघालं, खालून गुलाबी कातडी दिसली, साधी, सगळ्या पोरांची असते तशी. सासूबाईंनी माझं मनगट धरलं.

"समदी नको पुसू. थोडी राहू दे."

त्या तिटेवरून वर्षभर त्यांच्याशी भांडलेली मी. पण त्या दिवशी थोडी राहू दिली.