राघूच्या होडीचं बूड

चार माणसं रोज संध्याकाळी एकाच जागी बसू लागली की किस्से गोळा करायला वेगळं कुठं जावं लागत नाही. आमची बसायची जागा म्हणजे दुधना नदीच्या काठावर पालथी घातलेली राघू भोयाची होडी. निजामाच्या राज्यात मी त्या गावात शाळामास्तर होतो. दिवसभर पोरांना उर्दूतून पाढे शिकवायचे आणि ऊन उतरलं की नदी गाठायची. तिथं राघू असायचा, विठोबा सुतार असायचा आणि मारुतीची पूजा करणारे दिनूभट असायचे. दिनूभटांनी जन्मात मासा खाल्ला नव्हता, पण कुठल्या डोहात कुठला मासा आहे यावर सगळ्यांत जास्त तेच बोलायचे.

आमच्या बोलण्याचा विषय एकच. होडीचं बूड. आमच्या नदीचा तळ म्हणजे नुसता काळा खडक. पावसाळा सरला की पाणी डोहापुरतं उरायचं. मग एका डोहातून दुसऱ्यात जायला राघूला होडी खडकावरून ओढत न्यावी लागायची. पाच-सहा माणसं कशीबशी मावतील एवढी ती सागवानी होडी त्याच्या बापानं केलेली. दरसाल तिच्या फळ्या घासून पातळ होत चालल्या होत्या. एकदा विठोबानं खालून बोटानं टिचक्या मारून पाहिलं.

"राघू, आणखी एक उन्हाळा घासलीस ना, बसल्या जागी तळातनं मासे दिसतील. जाळं टाकायचं कामच न्हाई."

आम्ही हसलो. राघू हसला नाही. त्या होडीवर त्याचं घर चालत होतं.

*

पहिला उपाय निघाला डांबराचा. पिंगळी स्टेशनावर रुळांचं काम चाललं होतं. तिथल्या मुकादमाकडं डबाभर डांबर मागायला आम्ही दिनूभटांना पाठवलं, कारण त्यांना कोणी नाही म्हणत नसे. त्यांनी मारुतीच्या छपराचं नाव सांगितलं. मुकादमानं डबा दिला आणि वर मारुतीला नमस्कारही कळवला.

राघूनं होडी पालथी घातली आणि बुडाला जाड थर दिला. वैशाखाचं ऊन. दुसऱ्या दिवशी दुपारी दिनूभट नदीवर आंघोळ करून आले, सोवळं नेसले आणि रोजच्या सवयीनं आपल्या जागेवर जाऊन टेकले.

आम्ही पोचलो तेव्हा ते तासाभरापासून तिथंच होते. उठता येईना. विठोबा एका बाजूनं ओढतोय, मी दुसऱ्या बाजूनं. शेवटी महाराज सुटले, धोतर नाही सुटलं.

राघू म्हणाला, "ऱ्हाऊ द्या महाराज. तेवढाच एक थर जास्त."

महाराज माझा पंचा गुंडाळून, देवळामागच्या वाटेनं घरी गेले.

*

खरी गंमत पुढंच. त्या उन्हाळ्यात होडी ओढून ओढून डांबर सगळीकडून खरवडलं, पण धोतर चिकटलं होतं तेवढी जागा शाबूत. विठोबानं हात फिरवून पाहिला आणि निकाल दिला, "कापड पायजे. डांबर, कापड, पुन्ना डांबर."

आता एवढं कापड आणायचं कुठून? राघू म्हणाला, बघतो. चार दिवसांत बुडाला कापडाचा थर बसलासुद्धा. कुठून आणलं, हे आम्ही विचारलं नाही.

राघूची बायको ठकू धुणं धुवायला नदीवर आली. ठकू गावची सुईण. हाताला हलकी, तोंडाला जड. डांबरातून एका कडेला हिरवा काठ डोकावत होता. तिनं तो चिमटीत धरून पाहिला. तिचं लग्नातलं लुगडं होतं.

आम्हाला वाटलं आता नदीकाठ दणाणणार. पण ती शांतपणे नवऱ्याला म्हणाली, "मला नेसवलं ते तुमी होडीला नेसवलं. बरं दिसायलंय. आता सैपाक बी तिलाच सांगा."

तीन दिवस राघू दिनूभटांकडं जेवला. चौथ्या दिवशी मला म्हणाला, "मास्तर, ह्या वरणानं मी होडीपेक्षा पातळ व्हायलोय."

*

मग विठोबानं बुडाखाली बाभळीच्या दोन लांब पट्ट्या ठोकल्या. खडकावर पट्ट्या झिजाव्यात, झिजल्या की बदलाव्यात, मूळ फळीला धक्का नको. अक्कल चांगली होती. राघूला मात्र त्यात भर घालायची होती. बैल दगडी वाटेनं चालतात तर त्यांच्या खुरांना नाल मारतात, मग पट्ट्यांच्या टोकांना का नको?

बाजारासाठी झरीहून नालबंद चाचा यायचे. राघूनं त्यांना नदीवर आणलं. चाचांनी हत्यारांची पिशवी उतरवली आणि इकडंतिकडं पाहिलं.

"बैल किधर है?"

राघूनं होडी दाखवली. चाचांनी तिच्याभोवती एक पूर्ण फेरी मारली. मग दाढीवरून हात फिरवला आणि गंभीरपणे विचारलं, "लात मारती क्या? मारती तो पैले बांधो."

नाल बसले. होडी खडकावरून निघाली की टापांसारखा आवाज व्हायचा. पहिल्याच दिवशी पाटील फेटा सावरत धावत बाहेर आले. त्यांना वाटलं, पोलिसांचे अमीनसाहेब घोड्यावरून आले. समोर बघतात तर राघू आणि टोपलीभर मरळ मासे.

*

पुढच्या साली डोहावर सरकारी पत्र्याची पाटी लागली. कोण्या बड्या अंमलदाराला त्या डोहात स्वतः गळ टाकून बसायची हौस होती, म्हणून बाकीच्यांना मनाई. अंमलदार काही आला नाही. वादळ मात्र आलं आणि पाटी पडली. बरेच दिवस ती चिखलात होती. राघूला उर्दू वाचता येत नव्हतं. त्यानं पत्रा धुतला आणि होडीच्या बुडाला ठोकला.

मी आलो आणि वाचलं. बुडावर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं, 'यहाँ मछली पकड़ना मना है.'

"राघू, काढ तो आधी," मी म्हणालो. तो उद्या काढतो म्हणाला आणि उद्या गिरदावर आले. महसुलाची तपासणी करत नदीपर्यंत पोचले, पालथी होडी पाहिली आणि चष्मा चढवून बूड वाचलं. एकदा, मग पुन्हा. आम्ही चौघं हात जोडून उभे.

"ये तख्ती यहाँ किसने लगाई?"

"मीच, सरकार," राघू म्हणाला.

"क्यूँ?"

राघूनं पाण्याकडं बोट केलं. मग म्हणाला, "सरकार, काठावरली पाटी मान्सांनी वाचली. मासे खालूनच बघत्यात. त्यांला बी हुकूम कळाया पायजे."

गिरदावरांनी माझ्याकडं पाहिलं. मी जमिनीकडं पाहिलं. त्यांनी वही काढली आणि तोंडानं म्हणत लिहिलं, "तख्ती मौजूद है. हालत अच्छी है." आणि घोडी वळवली.

*

आता हे शेवटचं.

निजामी राज्याचा शेवटचा पावसाळा होता. गावं लुटणाऱ्या टोळ्या फिरत होत्या. एके रात्री बातमी आली की एक टोळी आमच्याच वाटेला लागलीय. नदी फुगलेली, पलीकडं जायला होडी एकच. राघूनं पहाटेपासून वल्हं सोडलं नव्हतं. बायका-पोरं आधी, मग म्हातारी माणसं, मग गडी. दुपारपर्यंत गाव रिकामं झालं.

शेवटच्या खेपेला राघू, ठकू, मी, पाटलांची सून सखू आणि तिची सासू. सखूचे दिवस भरले होते, म्हणून गर्दीच्या खेपांत ठकूनं तिला बसू दिलं नव्हतं. मधल्या धारेत होडी बुडालेल्या खडकावर आपटली. खालून कर्रर्र आवाज झाला आणि फळी उकलली. पाणी कारंज्यासारखं आत आलं. ठकू उठली आणि त्या भोकावर मांडी घालून बसली.

राघूनं विचारलं, "पानी येतंय का?"

"येतंय. तुमी वल्हं मारा."

तेवढ्यात सखूनं सासूचा हात घट्ट धरला. तिच्या तोंडाकडं बघूनच ठकूला कळलं. काठ अजून दूर होता.

"मास्तर," ठकू म्हणाली, "तुमी इथं बसा. तिकडं तोंड करून. मागं बघायचं न्हाई, उठायचं न्हाई."

ती सरकली, मी बसलो. गार पाणी कमरेभोवती चढत होतं. पुढं फक्त गढूळ लाटा दिसत होत्या. मागं ठकूचा आवाज, अगदी हळू, "जरा दम खा बाई. हां. आता." सासू रडत होती, राघू दात खाऊन वल्हवत होता. मला पाढे आठवत होते, दुसरं काही आठवेना. आणि मग एक बारीक, चिडलेला आवाज आला.

"पोरगी हाय," ठकू म्हणाली.

काठ उभा होता आणि खाली पाणी खोल. वरच्या लोकांनी पोरीला आधी घेतलं, पाटलांच्या फेट्यात गुंडाळलं. मग सखूला, सासूला, ठकूला वर ओढलं. होडीत राघू आणि मी उरलो. त्यानं मला हात दिला.

"उठा मास्तर."

"मी उठलो तर होडी जाईल, राघू."

त्यानं एकदा होडीकडं पाहिलं. वर ती पोरगी जीव खाऊन रडत होती.

"जाऊ द्या," राघू म्हणाला.