शर्यतीला नेलेली बाजारची जीप

मी एकदा मोटारींच्या शर्यतीत भाग घेतला होता आणि तरीही सासरी माझं बरं चाललं आहे.

मी मोखाड्याचा शाळामास्तर. गाडी चालवायला उशिरा शिकलो आणि शिकवणाऱ्याने सांगितलेले सगळे नियम पाळतो. (एवढाच काय तो माझा दोष.) वळणावर हॉर्न वाजवतो, उतारावर गिअर बदलतो, समोर म्हैस आली तर तिचा निर्णय होईपर्यंत थांबतो. त्यामुळे दाभोशाला, म्हणजे माझ्या सासुरवाडीत, मला कोणी स्टेअरिंगला हात लावू देत नाही. माझा मेव्हणा दिलीप जव्हार-दाभोसा प्रवासी जीप चालवतो. लग्नाचं वऱ्हाड निघालं की तो म्हणतो, "भाऊजी, तुम्ही मागं बसा. आपल्याला आजच पोचायचंय." तो हसत म्हणतो, पण त्याच्या मागून सगळं वऱ्हाडही हसतं. जावई माणूस मागच्या बाकावर, मांडीवर कुणाचं तरी रडकं पोर, पायाशी आहेराची भांडी. असं किती वर्षं बसायचं? मला ते फार लागलं होतं.

अशात मुंबईकडच्या काही मंडळींनी आमच्या भागात हौशी चालकांची शर्यत ठेवली. मोखाड्याहून निघायचं आणि जव्हारवरून दाभोशाला पोचायचं. म्हणजे शेवट थेट सासरच्या दारात! मी तिथल्या तिथे नाव दिलं आणि घरी आल्यावर लक्षात आलं की आपल्याकडे स्कूटर आहे.

दिलीपकडे जीप मागायला गेलो. तो म्हणाला, शर्यतीत नाव काढलंत तर पुढच्या वऱ्हाडाची गाडी तुम्ही चालवायची, नाहीतर जन्मभर मागचा बाक. मी कबूल झालो. त्याने किल्ली दिली आणि जीपच्या खोडी सांगितल्या. मागचं दार सुतळीने बांधायचं. हॉर्न कधीकधी आपोआप वाजतो, तिकडे लक्ष द्यायचं नाही. आणि दुसरा गिअर हाताने धरून ठेवायचा, सोडला की तो सुटतो.

शर्यतीत चालकाशेजारी रस्ता सांगणारा एक जण लागतो. दाभोशाचा रस्ता ज्याला तोंडपाठ आहे असं माझ्या घरात एकच माणूस होतं, ते म्हणजे माझी बायको सुनंदा. दुसरा गिअर धरायचं कामही तिच्याकडेच दिलं. दोघांना हेल्मेटं शेजाऱ्यांची आणली. तिचं अंबाड्यावर बसेना, म्हणून तिने ते जरा तिरकं घातलं आणि तशीच मोठ्या ऐटीत बसली.

मोखाडा ते जव्हार मी स्वतःवर खूश होतो. जन्मात पहिल्यांदा मी एका एसटीला मागे टाकलं. (ती उभी होती, पण टाकलं.) जव्हार सोडताना आमच्या मागे अजून तीन गाड्या होत्या आणि मला पुढच्या वऱ्हाडातली समोरची सीट डोळ्यांपुढे दिसू लागली.

आणि मग दाभोशाकडे वळतो तो नाका आला. नाक्यावर झाडाखाली ही गर्दी! तो जव्हारच्या बाजाराचा दिवस होता. दाभोशाची माणसं सकाळी दुसऱ्या कुणाच्या तरी गाडीने बाजाराला आली होती आणि परतीसाठी नेहमीप्रमाणे दिलीपच्या जीपची वाट पाहत बसली होती. ती जीप शर्यतीला नेली आहे, हे त्यांना सांगायचं दिलीपच्या ध्यानातच आलं नव्हतं, आणि माझ्या तर मुळीच नाही. गर्दीच्या सगळ्यात पुढे वेणूआत्या, म्हणजे सुनंदाची सख्खी आत्या, डोक्यावर टोपली आणि एक हात वर.

मी गाडी हळू केली आणि दुसरा गिअर टाकला. थांबायचा विचार नव्हता, पण माणसांमधून जोरात कसं जाणार?

"अहो, थांबा," सुनंदा म्हणाली.

"शर्यत आहे."

"ती पुढं. इथं आत्या उभी आहे. तिच्यासमोरून रिकामी जीप नेली तर माहेरी तोंड कसं दाखवू मी?"

एवढं बोलून तिने आत्याला नमस्कार करायला दोन्ही हात जोडले. दोन्ही! गिअर सुटला आणि जीप बरोबर आत्यापुढे येऊन थांबली.

पुढचं सगळं माझ्या हातात राहिलं नाही. सुतळी सुटली, दार उघडलं, माणसं चढली. नाचणीचं पोतं आलं, कोंबडी आली, टपावर पत्रे चढले. दारावर चिकटवलेला शर्यतीचा आकडा पाहून एकाने, गाडीचं आरटीओ पासिंग झालं का, एवढंच विचारलं. वेणूआत्या सुनंदाच्या हेल्मेटकडे पाहून हळहळली. "डोक्याला काय लागलं गं पोरी? आमाला कुनी कलवलं पन नाय."

मागच्या तिन्ही गाड्या हॉर्न वाजवत पुढे गेल्या. दोन वळणं गेल्यावर मागून आवाज आला की नाक्यावरून दुसरीकडे, साखरशेतला जाणारा एक म्हातारा गर्दीत चुकून चढला आहे. त्याला काय तिथे सोडायचं? मी जीप वळवून त्याला पुन्हा नाक्यावर पोचवलं. (शर्यतीत उलट दिशेने जाणारी गाडी म्हणून आयोजकांनी आमचा फोटो काढला. तो आला छान आहे.) मग वाटेत ज्याचं घर येईल तो उतरला, उतरलेल्याने पाणी पिऊन जा म्हटलं, आणि माहेरच्या माणसांना सुनंदा नाही कशी म्हणणार?

दाभोशाला पोचलो तेव्हा आयोजकांची माणसं मांडवाच्या कनाती सोडत होती. दिलीप हाताची घडी घालून उभा होता. मला त्याच्याकडे पाहवेना. इतक्या वर्षांत एक संधी मिळाली होती, तीही मी नाक्यावर घालवली, असं वाटत होतं.

वेणूआत्या सावकाश उतरली. "दिलप्या, तू यापेक्षा लवकर आनतोस," ती सगळ्यांच्या देखत म्हणाली. माझी उरलीसुरली अब्रूही गेली. मग तिने कमरेची प्लॅस्टिकची पिशवी काढली, जी तिला घाटात दर खेपेला लागते, आणि ती कोरी घडी वर धरून दाखवली. "पन आज मला येक उलटी नाय झाली. माज्या नातवाच्या लग्नाची गाडी जावयच चालवल."

बाकीच्या म्हाताऱ्यांनीही माना डोलावल्या. दिलीपने हाताची घडी सोडली आणि आत्याची टोपली उचलली. मला तर रडूच आलं. मी ते हेल्मेटच्या आत उरकलं.

तर अखेर मी वऱ्हाडाची गाडी चालवली. लग्न आमच्याच भागातल्या वांगणीला होतं. तरणी माणसं दिलीपने भाड्याने आणलेल्या दुसऱ्या गाडीत बसली आणि झाडून सगळे म्हातारे माझ्या जीपमध्ये. सुनंदाने गिअर धरला होता. खड्डा आला की थांबत होतो, म्हैस आली की थांबत होतो. एकाही पिशवीची घडी मोडली नाही.

वांगणी अजून पुढे होती, तोच समोरून लग्न लावून परत निघालेलं आमचंच वऱ्हाड आलं. नवरा-नवरी रस्त्यातच उतरून आमच्या जीपमधल्या सगळ्यांच्या पाया पडली.

दिलीपने खिडकीतून डोकं काढून माझ्याकडे पाहिलं. मी जीप कडेला घेतली, हॉर्न वाजवला आणि नियमाप्रमाणे त्यांना आधी जाऊ दिलं.