पाचापैकी चार गुण

“पुस्तकात खंय आसा? दाखय!”

कुठे आहे ते दाखव, असं म्हणून आमचे सर तर्जनी टेबलावरच्या पुस्तकावर टेकवायचे आणि चष्म्याच्या वरून समोरच्या मुलाकडे बघायचे. एरवी वर्गात त्यांचं मराठी छापील असे. पण कुणी पुस्तकाबाहेरचं बोललं की त्यांचा तोल जाई आणि घरची मालवणी बाहेर पडे. पोरं मुद्दाम पुस्तकाबाहेरचं बोलायची ती त्यासाठीच.

ते आमच्या हायस्कुलातले इतिहास-नागरिकशास्त्राचे सर. शाळा शिरोड्यापासून तासाभराच्या वाटेवर, आणि मी तिथे चित्रकला शिकवायचो. माझं नाव त्यांनी कधी उच्चारल्याचं आठवत नाही. “अहो ड्रॉइंग, जरा इकडे या,” एवढीच माझी ओळख. असे एक सर तुमच्याही शाळेत असतील म्हणा. पण आमचे अस्सल होते.

त्यांचा तास म्हणजे लेखनाचा तास. ते पुस्तकातलं टाचण सांगत आणि मुलं लिहून घेत, विरामचिन्हांसकट. “पेशवाई बुडाली, पूर्णविराम. नवा परिच्छेद.” एवढी मोठी पेशवाई, पण तिच्यासाठी त्यांनी कधी श्वासही मोठा घेतला नाही. नागरिकशास्त्रात हक्कांचा धडा आला की ते डस्टर आपटत. “हक्क पहिला, भाषणस्वातंत्र्य. लिहा. कोण बोलतो रे तिकडे? उभा रहा!” तो पोरगा मग तासभर उभ्यानेच भाषणस्वातंत्र्य लिहून घेई.

अठराशे सत्तावनच्या उठावाची कारणं पुस्तकात पाच होती. एका हुशार मुलाने विचार करून सहावं लिहिलं, तर त्याचा एक गुण गेला. मुलगा रडकुंडीला येऊन विचारायला आला. सर म्हणाले, “सहावं कारण तुझ्या घरचं. ते घरी ठेव.”

मीही त्यांच्या हाताखालून गेलो आहे. वर्गात लावायला त्यांनी माझ्याकडून एक मोठा नकाशा काढून घेतला. पुस्तकातल्या नकाशात छापणाऱ्याने वेंगुर्ला समुद्रापासून बोटभर आत ढकलून दिलं होतं. वर्गातल्या निम्म्या मुलांचे बाप त्या बंदरात गलबतांवर कामाला. मी वेंगुर्ला किनाऱ्यावर आणलं, तर सरांनी रबर हातात दिला. “परीक्षकाच्या हातात पुस्तकातला नकाशा असतो, ड्रॉइंग. तुमचा समुद्र नसतो.” मी निमूटपणे बंदर उचलून डोंगरात नेऊन ठेवलं. माझी नोकरी अजून कायम व्हायची होती.

त्यांचं मूळ घर पिंगुळीकडचं. तिथे चित्रकथी चित्रं दाखवून रामायण सांगतात, ते त्यांनी लहानपणी पोटभर ऐकलेलं. पण तो विषय काढला की त्यांच्या कपाळाला आठ्या पडत. “एक सांगतो रावण असा मेला, दुसरा सांगतो तसा मेला. छापील नसलं की हे असं होतं.” रावणाच्या मरणाबद्दल इतका चोखंदळ माणूस मी दुसरा पाहिला नाही.

आम्ही शिक्षकांच्या खोलीत त्यांची नक्कल करायचो. चहा सांडला तरी कुणीतरी म्हणायचं, “पुस्तकात खंय आसा?” आणि सगळे हसायचे. त्या हसण्यात मी पुढे असे. हे सांगून ठेवतो, कारण यापुढचं सांगताना मी कुणी वेगळा होतो असं तुम्हाला वाटू नये.

नववीत आनंदी नावाची मुलगी होती. बाप शिरोड्याच्या मिठागरावर मजूर. मिठागराकडच्या वाडीतून नववीपर्यंत आलेली ती पहिलीच मुलगी. रोज चालत यायची आणि यायच्या आधी मिठागरावर राबून तिच्या पायांना मिठाच्या चिरा पडलेल्या असायच्या. तिच्या घरात ठरून गेलं होतं की पास होईल तोवर शाळा. ज्या वर्षी नापास, त्या वर्षी मिठागर.

वार्षिक परीक्षेत सरांनी टीप विचारली होती, ‘मिठाचा सत्याग्रह, गुण पाच’. पुस्तकात त्याबद्दल दांडी होती, तिथवरची पदयात्रा होती आणि कायदेभंगाचे परिणाम होते, संख्येने तीन. आनंदीने त्यातलं अक्षरही लिहिलं नाही. तिने शिरोडा लिहिलं.

सरांनी तो पेपर शिक्षकांच्या खोलीत आणून मोठ्याने वाचला. “आमच्या शिरोड्याच्या मिठागरावर लोक मीठ उचलायला बसले होते. पोलिसांनी त्यांना काठ्यांनी मारले. माझे वडील त्यांना पाणी द्यायला गेले होते. त्यांनाही मारले. वडील हे कोणाला सांगत नाहीत. मला एकदाच सांगितले.”

“बघा,” सर म्हणाले, “आता इतिहास घरोघरी तयार व्हायला लागला!”

आम्ही हसलो. मीही हसलो. शिरोड्याला सत्याग्रह झाला होता हे त्या खोलीतल्या प्रत्येकाला माहीत होतं. सरांनाही माहीत होतं. त्यांनी टिपेसमोर तांबड्या शाईचं शून्य काढलं आणि समासात लिहिलं, ‘पुस्तकात नाही’. मुलीला बत्तीस गुण पडले. पास व्हायला पस्तीस लागत.

निकालाच्या दुसऱ्या दिवशी तिचा बाप शाळेत आला. काळा, किडकिडीत, डोक्याला पंचा गुंडाळलेला. हेडमास्तर भले गृहस्थ. विषयशिक्षकाने शब्द टाकला तर आपण निकाल बदलू, असं सांगून त्यांनी त्याला आमच्या खोलीत पाठवलं आणि आपण सुटले. आता सगळं सरांच्या हातात आलं.

“मास्तरांनु, माज्या चेडवान खोटा लिवल्यान काय?” बापाने विचारलं.

“खरं-खोटं हा प्रश्न नाही,” सर म्हणाले. “पुस्तकात नाही.”

मग त्याने अंगातली बंडी काढली आणि पाठमोरा झाला. उजव्या खांद्यापासून खाली दोन जाड वळ होते, जुने, पांढरट पडलेले.

“पुस्तकात नाय तर नाय,” तो भिंतीकडे तोंड करूनच म्हणाला. “माज्या पाठीर आसा. वाचा.”

सर उठले. त्यांनी स्वतः माठातलं पाणी भरून त्याच्यापुढे धरलं. मला वाटलं, विरघळले. पण ते पुन्हा खुर्चीवर बसले आणि छापील मराठीत म्हणाले, “पाठ परीक्षेस ग्राह्य धरता येत नाही.”

त्या माणसाने पाणी प्यायलं, भांडं नीट खाली ठेवलं, बंडी घातली आणि तो गेला. जूनमध्ये आनंदी शाळेत आली नाही.

बाप येऊन गेला त्याच संध्याकाळी सर माझ्या चित्रकलेच्या खोलीत येऊन बसले होते. त्यांनी कुणी न विचारताच सांगितलं. “पहिल्या नोकरीत मी पुस्तक मिटून शिकवायचो, ड्रॉइंग. जे माहीत होतं ते सगळं सांगायचो. पोरं डोळे मोठे करून ऐकत. आणि मॅट्रिकला अर्धा वर्ग इतिहासात आडवा झाला. चांगली पोरं होती. एकजण बोटीवर खलाशी म्हणून गेला, तो परत आलाच नाही. तेव्हापासून पुस्तक उघडं ठेवतो.”

“आणि ही पोर?” मी विचारलं.

ते चष्मा पुसत राहिले. मी आणखी काही बोलायला हवं होतं. मी ब्रश धुवायला घेतले.

यानंतर सर बदलले असतील असं तुम्हाला वाटत असेल, तर तुम्ही त्यांना ओळखलंच नाही. पुढे गोवा सुटला. गोव्याच्या हद्दीवरची तेरेखोलची खाडी आमच्यापासून किती लांब? पोरं धावत जाऊन लष्कराच्या गाड्या बघून आली, गावात साखर वाटली गेली. पुढच्याच आठवड्यात सरांनी टाचण सांगितलं, “गोवा, स्वल्पविराम, दीव व दमण हे प्रदेश पोर्तुगीजांच्या ताब्यात आहेत.”

अख्खा वर्ग ओरडला, “सर, गोवा सुटलो!”

“पुस्तकात खंय आसा? दाखय!” सर गरजले. मग शांत होऊन म्हणाले, “परीक्षेपर्यंत सुटलेला नाही. लिहा.”

अशा रीतीने एवढ्या फौजेला जे जमलं ते आमच्या शाळेपुरतं त्यांनी रद्द केलं. बाहेर गोवेकर मोकळे हिंडत होते आणि आमच्या वर्गात नवी आवृत्ती येईपर्यंत गुलामीत होते.

नवी आवृत्ती जूनला यायची ती पुढच्या वर्षीच्या जानेवारीत आली. सरांनी त्याच दिवशी ती पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली. दुपारच्या सुट्टीत ते माझ्याकडे आले तेव्हा त्यांचं बोट पुस्तकात अडकवलेलं होतं. त्यांनी पान उघडलं. मिठाच्या सत्याग्रहाच्या धड्यात एक नवं वाक्य होतं. कोकणात शिरोडा येथेही मिठाचा सत्याग्रह झाला, एवढंच.

“शिरोडा आला,” ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ते घरून आनंदीचा पेपर घेऊन आले. उत्तरपत्रिका वर्षभर ठेवायचा नियम होता. यांनी सगळ्या वर्षांच्या ट्रंकेत बांधून ठेवल्या होत्या. माझ्यासमोर बसून त्यांनी ती टीप पुन्हा तपासली. शून्य खोडलं आणि चार लिहिले.

“पाच द्या की,” मी म्हणालो.

“सन लिहिलेलं नाही,” ते म्हणाले. बत्तीस आणि चार छत्तीस. त्यांनी शेजारी ‘उत्तीर्ण’ असं लिहिलं, सही केली आणि साक्षीदार म्हणून माझी घेतली. “चला, निकाल सांगायला हवा.”

शनिवारी दुपारी आम्ही मिठागरावर गेलो. खाचरांतल्या पाण्यावर ऊन असं काही चकाकत होतं की डोळे उघडवत नव्हते. आनंदी कासोटा मारून मीठ ओढत होती. लग्न होऊन शेजारच्याच वाडीत पडली होती. आम्हाला बघून तिने हातातलं काम टाकलं आणि पदर नीट केला.

सर बांधावर ताठ उभे राहिले. “नववीच्या वार्षिक परीक्षेत तू उत्तीर्ण झाली आहेस,” ते म्हणाले. “दहावीत बसता येईल. नियमात वयाची अट नाही. मी पाहिलंय.”

तिला आधी काही कळेना. सरांनी तिचा तपासलेला पेपर पुढे धरला, मग पुस्तक उघडून ते वाक्य दाखवलं. तिने ओले हात लुगड्याला पुसले, पुस्तकाला न शिवता वाकून वाचलं, आणि मग जरा हसली.

“पुस्तकात इला म्हणान आता खरा झाला, सर?”

सरांनी पुस्तक मिटलं.

“बाबांक सांगूक होया हुता. ते गेल्या शिमग्यात गेले.” तिचा आवाज चढला नाही. “तुमका दाखयलेली पाठ जळान गेली, सर. आता पुस्तकच ऱ्हवला.”

मला खाली बघवेना आणि वर बघवेना.

मग तिनेच हात पुढे करून मागितलं, “तो पेपर माका देशात?”

आणि तुम्हाला सांगतो, तेव्हासुद्धा तो माणूस म्हणाला, “उत्तरपत्रिका परीक्षार्थीला देता येत नाही.” मला त्यांना तिथेच खाचरात ढकलून द्यावंसं वाटलं. येताना मी सबंध वाटेत त्यांच्याशी एक शब्द बोललो नाही.

माझी खोली त्यांच्या वर्गाला लागून होती म्हणून सोमवारी मी ऐकलं. त्यांनी नव्या पुस्तकातलं वाक्य सांगितलं, पूर्णविरामासकट. एका मुलाने विचारलं, “सर, पुस्तकात एवढाच आसा?”

मी नेहमीच्या गर्जनेची वाट बघत राहिलो. ती आली नाही.

“होय रे, पुस्तकात एवढाच आसा,” सर म्हणाले. रागावलेले नसताना वर्गात त्यांची मालवणी मी पहिल्यांदाच ऐकली. “बाकीचा वहीच्या मागल्या पानार लिवा. परीक्षेक येवचा नाय.”

आणि ते आनंदीचा पेपर सांगू लागले. “माझे वडील त्यांना पाणी द्यायला गेले होते, पूर्णविराम. त्यांनाही मारले, पूर्णविराम.” तिथे ते थांबले. मुलांचे टाक वहीवर तसेच टेकलेले राहिले असतील.

दोन वर्षांनी ते निवृत्त होऊन पिंगुळीकडे गेले आणि तिथेच वारले. त्यांच्या जागी आलेले सर तरुण होते, हसतमुख होते, मुलांना गोष्टी सांगायचे. आमच्या खोलीत नक्कल करायला कुणी उरलं नाही.

जुन्या सरांच्या माघारी एकदा मी आनंदीच्या घरी गेलो. बापाचा फोटो त्या घरात नव्हता. त्याने आयुष्यात कधी काढलाच नव्हता. फोटो लावायच्या जागी भिंतीवर काचेत एक वहीचं पान होतं, कुणा सुरेख अक्षराच्या मुलाकडून लिहून घेतलेलं. खाली तांबड्या शाईत ‘खरी नक्कल’ आणि सरांची सही. मूळ पेपर देता येत नाही, पण नक्कल देता येते, असं नियम बघून ते एका रविवारी स्वतः चालत येऊन देऊन गेले होते.

पानाच्या कोपऱ्यात गुणही उतरवलेले होते. पाचापैकी चार.

“तेवडो एक मार्क काय सुटाक नाय तेंच्याकडसून,” आनंदी म्हणाली, आणि पदराने काच पुसून तिने ते पान पुन्हा सरळ केलं.