टीव्हीची छत्री एकट्यानं बसवली

आम्ही नवरा-बायकोनं मिळून शेवटचं काम केलं ते टीव्हीची छत्री सरळ करायचं. त्यात नवं काही नव्हतं. दर उन्हाळ्यात करायचो. मी वर स्लॅबवर, ती खाली टीव्हीसमोर.

त्या दिवशी तिच्या मालिकेच्या टायमालाच पडदा काळा झाला. मी म्हणलो टीव्हीखालचा सेट-टॉप डबा गेला. मंग म्हणलो वायर उंदरानं खाल्ली. मंग माकडांना शिव्या दिल्या. ती गप बसून होती. एवढी गप ती कधी बसत न्हाई, तिथंच मला कळायला पाहिजे होतं. वर जाऊन बघतो तर हिनं कुरडया वाळत घातल्याल्या, आणि खालचं जुनं पातळ उडू नये म्हणून त्याचं एक टोक छत्रीच्या काठाला गच्च बांधलेलं. वारं सुटलं, पातळ फुगलं, छत्री फिरली.

“अगं, ही काय म्हैस बांधायची खुंटी हाय का?” मी वरून वरडलो.

“मंग कुरडया उडू देऊ? बातम्या तळून खाताल का?” ती खालून.

मी पातळ सोडलं आणि कामाला लागलो. ज्यांच्या घरी ही फुकट चॅनलवाली छत्री आहे त्यांना ठाऊक असंल, डब्यात एक पान उघडतं, त्यात दोन पट्ट्या असतेत. वरची पट्टी लबाड. वायर जोडलेली असली की ती भरलेलीच दिसती, छत्रीचं तोंड आभाळाकडं असो का उकिरड्याकडं. खरी ती खालची. ती भरली तर चित्र. मी छत्री आग्नेयेकडं, चूल मांडतेत त्या दिशेला, तीळभर सरकवायचो आणि ती पट्टीकडं बघून वरडायची.

“आली... आली... भरली... गेली! कुठं चालले पुढं पुढं? मागं या!”

आणि सगळ्यात शेवटी, “आता हात काढा.”

हे हात काढायचं महत्त्वाचं. हात लावलेला असतो तंवर छत्री नीट उभी असती. काढला की आपल्या वजनानं खाली बसती आणि पट्टी पुन्हा उतरती. म्हणून हात काढून बघावंच लागतं. तिनं म्हणल्याशिवाय मी हात काढत नव्हतो.

खाली आलो तर म्हणली, “आले कारागीर. खाली बसणाराला कुणी इचारीत न्हाई.” मी म्हणलो, “चहा ठेव.” झालं. एवढंच ते शेवटचं काम.

पहिल्यांदा आमच्या घरी टीव्ही आल्ता तेव्हा छत्री नव्हती, अँटेना होता. लोखंडी पाइपावर आडव्या काड्या. त्याचं तोंड मावळतीला, तिकडच्या डोंगरावरच्या टॉवरकडं करून ठेवायचं. ते चित्र जाताना सांगून जायचं. आधी मुंग्या यायच्या, मंग माणसाला दोन दोन डोकी दिसायची, आवाज खरखरायचा, तरी कोण काय बोलतं ते कळायचं. दोन दोन दिवस आम्ही तसंच बघायचो. तो टॉवर बंद झाला. मोठ्या शहरात म्हणे आता टॉवरवरून नव्या पद्धतीचं चकचकीत चित्र येतं, पण ते आमच्यापर्यंत पोचत न्हाई. म्हणून छत्री आली. छत्रीचं चित्र आहे तंवर आरशासारखं. आणि जायचं म्हणलं की सांगणं न्हाई, खरखर न्हाई, एकदम काळं.

छत्री सरळ केली त्याच्या तिसऱ्या दिवशी सकाळी ती चहा ठेवता ठेवता खाली बसली. परत उठली न्हाई. जाफराबादच्या दवाखान्यात नेईस्तोवर सगळं संपलं होतं.

दहाव्याला नदीवर पिंड ठेवला तर कावळा शिवंना. कावळे होते. बाभळीवर बसून बघत होते. बायका कुजबुजायला लागल्या, जीव कशात अडकला म्हणून. तिचा भाऊ पुढं झाला, हात जोडले, काही बोलला. कावळा हलला न्हाई. ऊन चढलं. मंग पोरगा पुढं झाला. माझा पोरगा संभाजीनगरला नोकरीला असतो, मला दादा म्हणतो. म्हणला, “माय, दादाची काळजी करू नको. दादाला मी माझ्याकडं नेतो. एकटं ठेवत न्हाई.”

आणि कावळा खाली आला. सगळ्यांनी सुस्कारा टाकला.

मी म्हणलो, “भूक लागली असंल त्याला.”

“दाजी, तोंड सांभाळा जरा,” मेव्हणा म्हणला.

मी सांभाळलं. पण तेव्हापासून सगळं गाव मला पाव्हणा समजायला लागलं. हाटेलात बसलो तर, “काय मामा, कधी निघायचं?” तिची शेवटची इच्छा म्हणे तीच होती. एकोणचाळीस साल जिच्यासंगं काढले तिची इच्छा कावळ्याकडून कळायची वेळ आली. रागानं लिहून राह्यलो, पण खरं सांगायचं तर भीती पण वाटायची. खरंच तिला तसं वाटत असंल तर? मी एकटा राह्यलो तर नीट खाणार न्हाई, हे तिला ठाऊकच होतं.

पोराचं घर चांगलं आहे. सून पण चांगली आहे. पण तिथं मला ओळखणारं कुणी न्हाई, आणि तिला तर त्याहून न्हाई. इथं किराणावाला पण सांगतो, काकू जिरं हातावर चोळून बघायच्या म्हणून. तिथं मी कुणाला सांगू, आणि कोण ऐकणार?

तेरावं झालं. पोरगा जायला निघाला तेव्हा मी म्हणलो, “मी इथंच राहतो. जमतं मला.”

“काय जमतं, दादा? साधा टीव्ही लागत न्हाई. घरात माणसाचा आवाज न्हाई.”

टीव्ही सुतकात बंदच होता. तेराव्याच्या रात्री त्याच्या लेकरांनी लावला तर काळा. मला बघायचीसुद्धा गरज नव्हती. मांडववाल्यांनी कापडाची दोरी छत्रीच्या पाइपाला बांधली होती. या गावात छत्रीला काही बांधल्याशिवाय कुणाचं कामच होत न्हाई. तोंड पार शेजारच्या भिंतीकडं झालं होतं.

“मी माणूस पाठवतो दुरुस्तीला,” पोरगा म्हणला.

“नको. माझी छत्री मी बसवतो.”

“वर तुमी जाताल. खाली कोण?”

मी त्याची पिशवी उचलून दाराबाहेर नेली. तो म्हणला, “येत्या रविवारी गाडी घेऊन येतो. कपडे भरून ठेवा.”

तो गेला आणि मी ठरवून टाकलं. रविवारच्या आत ही छत्री एकट्यानं बसली तर राहायचं. न्हाई बसली तर कपडे भरायचे, तोंड वाकडं न करता. शेजाऱ्याला हाक मारायची न्हाई. ते चांगले लोक आहेत, पण मंग ते एकट्यानं केलेलं होत न्हाई.

पहिल्या दिवशी वर-खाली केलं. वर जाऊन थोडी सरकव, जिना उतर, पट्टी बघ, पुन्हा चढ. वरची लबाड पट्टी भरलेली, खालची रिकामी. दुपारपर्यंत गुडघे बोलायला लागले. जिन्यात बसून राह्यलो.

दुसऱ्या दिवशी तिचा भांग पाडायचा आरसा दारात पाट्याला टेकवून ठेवला. म्हणलं स्लॅबच्या काठावरून वाकून त्यात टीव्ही दिसंल. त्यात दिसलं ऊन. नुसता उन्हाचा लोळ. वाकलो तेवढ्यात तोल जाता जाता राह्यला. ही पण वाट बंद झाली.

शनिवारी सकाळी चहा पिताना डोक्यात आलं की डोळ्यानं बघायची गरजच काय? पट्टीचं पान नकोच. चॅनल लावून ठेवायचं आणि आवाज शेवटपर्यंत वाढवायचा. चित्र आलं की आवाज येईल, तो वर ऐकू येईल. एवढी साधी गोष्ट. पण आमच्यात ती सांगणारी असायची, म्हणून ऐकायचं काम कधी पडलंच न्हाई.

यात एक खोड आहे. पट्टी लगेच हलती, आवाज लगेच येत न्हाई. डबा थोडा विचार करतो. म्हणून छत्री केसभर सरकवायची आणि थांबायचं. पुन्हा केसभर, पुन्हा थांबायचं. माझा स्वभाव थांबायचा न्हाई. पण त्या दिवशी थांबलो. ऊन पाठीवर आलं. खालून घरातून काहीच आवाज नव्हता. रिकाम्या घराकडं कान देऊन मी कितीतरी वेळ उभा होतो.

आणि एकदम एक बाप्या खालून वरडला, कापसाची लागवड कधी करायची ते.

मी तसाच उभा. छत्रीला हात लावून. तो बाप्या लागवडीचं सांगत होता आणि मी वाट बघत होतो. कशाची ते थोड्या वेळानं कळलं. हात काढा म्हणणारं कुणी नव्हतं. माझा हात निघंना. लाज सोडून लिहितो, मी तिथं छत्री धरून रडलो.

तेवढ्यात शेजारची सून तिच्या स्लॅबवर आली. “मामा! अहो मामा! लेकरू उठलं माझं! बहिरे झालात का काय?”

“चित्र सापडलं,” मी म्हणलो.

“काय सापडलं?”

“चित्र.”

ती माझ्याकडं बघत राह्यली. मंग हळूच म्हणली, “बरं झालं. पण आवाज कमी करा.”

मी हात काढला. छत्री थोडी बसली, बाप्याचा आवाज तुटला, पुन्हा लागला. नट आवळून टाकले.

संध्याकाळी तिची मालिका लागली. कोण कुणाची सासू, कोण कुणाच्या जिवावर उठलंय, काही कळंना. ती होती तेव्हा सांगायची, मी ऐकायचो न्हाई. आता पडदा साफ, आवाज साफ, आणि मला ओ का ठो कळत न्हाई. संपायच्या आधीच बंद केला. जिंकलो होतो, पण जिंकल्यासारखं काही वाटलं न्हाई. घर तेवढंच मोठं होतं.

सकाळी पोराला फोन केला. तो निघायच्या बेतातच होता.

“गाडी आणू नको. मी येत न्हाई.”

“दादा, मी मायला शब्द दिलाय. सगळ्यांसमोर.”

“तू दिला. मला कुणी इचारलं न्हाई. तिनं पण न्हाई.”

फोनमधून गाडीची किल्ली कुठंतरी टाकल्याचा आवाज आला. मंग म्हणला, “जेवणाचं काय करताल?”

“बघतो.”

“बघतो म्हणजे काय?”

“म्हणजे बघतो. तू जेवायला ये कधीतरी. शिळं मिळंल.”

तो हसला का रडला ते फोनवर कळलं न्हाई.

पिशवी घेतली आणि बाजारात गेलो. भाजी आणायचं काम कधी माझ्याकडं नव्हतं. भाव विचारायला पण जीभ जड झाली. वांगी पाव किलो मागितली.

“पावशेरात काय व्हतं, मामा? किलो घ्या,” भाजीवाली म्हणली.

“एकट्याला होतं.”

तिनं तागडी खाली ठेवली, माझ्याकडं नीट बघितलं आणि ओळखलं. मंग वांगी मोजली, आणि मूठभर वरून टाकायला लागली. मी पिशवीचं तोंड मिटून धरलं.

“नको, बाई,” म्हणलो. “नासतेत.”