सात कोरी कार्डं

परवा साताऱ्यात नातीकडे होते. ती लॅपटॉपवर कोडिंग शिकत होती... प्रत्येक माणसाची एक डिक्शनरी, म्हणजे माहितीचं कार्डच जणू, त्यात नाव, गाव, लस. अशा डिक्शनऱ्यांच्या लिस्टमधून 'लस'पुढे 'नाही' असलेल्याच तेवढ्या निवडून काढायच्या.

"आणि जिथं काहीच भरलेलं नाही, त्या?" मी विचारलं. "त्या येणारच नाहीत ना, आजी." मला माझ्या टेबलावरची जुनी कार्डं आठवली...

सत्तरच्या दशकाची सुरुवात. मी कवठे महांकाळकडच्या एका आरोग्य केंद्रात कारकून होते. शेजारच्या गावात देवीचा रोगी सापडला आणि घरोघर फिरून भरलेली कार्डं माझ्या टेबलावर आली.

'देवी टोचल्या का' या रकान्यात 'नाही' असलेली कार्डं मी निवडली, यादी केली. लस टोचणारे त्या यादीनं फिरले. काम संपलं, असं डॉक्टरांना मीच सांगितलं.

चौथ्या दिवशी एक म्हातारे मेंढपाळ दारात आले. "बाई, आमच्या तळावर कवा येणार? पोरीला ताप हाय. अंगावर फोड आल्यात."

मी सगळी कार्डं उपसली. सात कार्डांवर तो रकाना कोराच होता... पाहणीच्या दिवशी ही माणसं मेंढरांमागं रानात गेलेली, नावं तेवढी शेजाऱ्यांनी सांगितलेली. ती सात कार्डं मी डॉक्टरांपुढे ठेवली.

डॉक्टर रागावले नाहीत. "जीपमध्ये बसा," एवढंच म्हणाले. त्यानं जास्तच भीती वाटली.

पोर घोंगडीवर निजली होती, चारेक वर्षांची. डॉक्टर तिचे तळहात, तळपाय कितीतरी वेळ बघत राहिले. मी दुसरीकडे तोंड केलं होतं.

"कांजण्या आहेत," ते म्हणाले. "देवीचे फोड तळहातांवर, तळपायांवरही येतात."

मी तिथंच मातीत बसले. पोरीच्या आईनं पाण्याचा तांब्या पुढं केला. "बाई, तुमालाच घेरी आली का काय?"

तळावरच्या बाकी सगळ्यांना तिथंच टोचलं. परतताना मी कबूल केलं की यादी करताना मी फक्त 'नाही' लिहिलेलीच कार्डं बघितली होती. डॉक्टर म्हणाले, "कोरी कार्डं आधी काढत जा. 'नाही' म्हणणारा निदान आपल्याला भेटलेला तरी असतो."

त्या म्हाताऱ्यांचे आभार मानायचे राहूनच गेले. ते एवढं ऊन तुडवत आले नसते, तर ती सात माणसं कुणाच्याच यादीत आली नसती...